टरफलांस मोल देणारा आचार्य : जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर

मळणीनंतर शेतांत उरणारें भूस, उंसाचा रस काढल्यावर राहणारें चिपाड, शेंगा सोलतांना पडणारें टरफल, ह्या वस्तूंकडे आपण सहसा ढुंकूनही पाहत नाहीं. त्या चुलींत जातात किंवा उकिरड्यावर पडतात. परंतु जगांतील कित्येक उद्योगधंद्यांचा कच्चा माल ह्याच वस्तूंत दडलेला आहे, असें ओळखून एका थोर पुरुषानें आपलें सारें आयुष्य त्यांच्या अभ्यासांत वेंचलें. त्याचें नांव जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर. वीणा गवाणकर ह्यांनीं लिहिलेल्या व १९८१ सालीं प्रसिद्ध झालेल्या चरित्रामुळें हें नांव मराठी वाचकांस चांगलें परिचयाचें झालें आहे. तथापि त्यांच्या कार्याची जी बाजू आजच्या जगास विशेष विचार करावयास लावणारी आहे, तिच्याकडे ह्या लेखांत मुद्दाम लक्ष वेधण्याचा हेतु आहे.

जॉर्जचा जन्म अमेरिकेंतील मिसूरी संस्थानांत, डायमंड नांवाच्या खेड्याजवळ, सुमारें १८६४ सालीं झाला. त्या वेळीं तेथें यादवी युद्ध पेटलें होतें आणि गुलामगिरीची दुष्ट चाल अद्यापि नष्ट झाली नव्हती. त्याची आई मेरी ही मोझेस कार्व्हर नांवाच्या शेतकऱ्यानें पैसे देऊन विकत घेतलेली दासी होती. जॉर्ज तान्हा असतांच एके रात्रीं दरोडेखोरांनीं मायलेंकरांस पळवून नेलें. मोझेसनें त्यांच्या शोधासाठीं माणूस धाडला. मूल तेवढें परत आलें. आईचा पत्ता मात्र पुढें कधींच लागला नाहीं. मूल आणून देणाऱ्यास बक्षीस म्हणून एक घोडा देण्यांत आला. ज्याच्या बुद्धीचा लाभ पुढें लक्षावधि शेतकऱ्यांस व्हावयाचा होता, त्या बालकाचें मोल त्या दिवशीं एका घोड्याएवढें ठरलें!

गुलामगिरी संपुष्टांत आल्यावर मोझेस व त्याची पत्नी सूझन ह्यांनीं जॉर्ज व त्याचा थोरला भाऊ जिम ह्यांचा आपल्या घरींच सांभाळ केला. जॉर्जची प्रकृति फार नाजूक होती. शेतांतील कष्टाचीं कामें त्याला झेपत नसत. म्हणून सूझनच्या हाताखालीं तो स्वयंपाक, धुणें, शिवण व विणकाम शिकला. उरलेला वेळ तो रानांत घालवी. निरनिराळीं रोपटीं आणून त्यानें झुडुपांच्या आडोशाला स्वतःची एक लहानशी बाग केली होती. कोणाचें फुलझाड सुकूं लागलें, कीं शेजारीपाजारी त्या पोराला बोलावूं लागले. झाडाला ऊन हवें, कीं सांवली हवी, कीं माती बदलावयास हवी, हें तो नुसतें निरखून सांगे. अशा रीतीनें लहानपणींच त्याला झाडांचा वैद्य अशी पदवी मिळाली.

शिकण्याची त्याला अनावर ओढ होती. पण जवळची शाळा गोऱ्या मुलांची असल्यामुळें तिचें दार त्याला बंद होतें. तेव्हां घर सोडून तो निओशो नांवाच्या गांवीं गेला. तेथें कृष्णवर्णीय मुलांसाठीं एक लहानशी शाळा होती. मराया वॉटकिन्स नांवाच्या सुईणीनें त्याला आपल्या घरीं आसरा दिला. ही बाई धुणीं धुवूनही संसार चालवी. शाळेंतून आल्यावर जॉर्ज तिला कामांत मदत करी. तिनें त्याला एक बायबल दिलें; तें त्यानें जन्मभर जपून ठेवलें.

पुढें शिक्षणासाठीं तो कॅन्सस संस्थानांत गांवोगांव भटकला. कोठें स्वयंपाक करावा, कोठें कपडे धुवावे आणि शाळेची फी भरावी, असा त्याचा क्रम होता. फोर्ट स्कॉट येथें १८७९ सालीं एका खवळलेल्या जमावानें एका कृष्णवर्णीय मनुष्याचा अमानुषपणें बळी घेतलेला त्यानें पाहिला. त्या दृश्याची आठवण म्हातारपणींही त्याच्या मनांतून गेली नाहीं. माध्यमिक शिक्षण संपल्यावर हायलंड येथील कॉलेजांत त्यानें पत्रानें अर्ज केला व तो मंजूरही झाला. परंतु तो दारांत उभा राहतांच, केवळ त्याच्या कातडीचा रंग पाहून, चालकांनीं त्याला परत पाठविलें. एखादा दुसरा तरुण असता तर येथेंच खचला असता. जॉर्जनें मोकळ्या माळावर थोडी जमीन घेतली, मातीचें घर बांधलें व कांहीं काळ शेती केली. पण पुस्तक हातांतून खालीं ठेवलें नाहीं.

अखेरीस १८९० सालीं आयोवा संस्थानांतील सिम्सन कॉलेजानें त्याला आनंदानें प्रवेश दिला. तेथें तो चित्रकला शिकूं लागला. फुलांचीं व झाडांचीं त्याचीं चित्रें इतकीं हुबेहूब असत, कीं त्याच्या शिक्षिका एटा बड ह्यांनीं त्याचा खरा ओढा ओळखला. वनस्पतिशास्त्राचा अभ्यास करावा, असा सल्ला त्यांनीं त्याला दिला. त्याप्रमाणें १८९१ सालीं तो एम्स येथील कृषिमहाविद्यालयांत दाखल झाला. ह्या संस्थेंतील तो पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी होय. १८९४ सालीं तो पदवीधर झाला. त्यानंतर प्राध्यापक लुई पॅमेल ह्यांच्या हाताखालीं वनस्पतींवरील बुरशीजन्य रोगांचा अभ्यास करून १८९६ सालीं त्यानें एम्. एस्. ही पदवी मिळविली. १८९३ सालीं शिकागो येथें भरलेल्या जागतिक प्रदर्शनांत त्याच्या एका चित्राचा गौरवपूर्वक उल्लेखही झाला होता. चित्रकार व्हावें कीं शास्त्रज्ञ, असा प्रश्न त्याच्यापुढें उभा होता. आपल्या दीन बांधवांस कशाचा अधिक उपयोग होईल, एवढ्याच कसोटीवर त्यानें त्याचा निर्णय केला.

त्याच वर्षीं बुकर टी. वॉशिंग्टन ह्यांचें बोलावणें आलें. हेही गुलामगिरींतच जन्मलेले. त्यांनीं १८८१ सालीं अलाबामा संस्थानांत टस्कीगी येथें कृष्णवर्णीय मुलामुलींसाठीं विद्यालय स्थापिलें होतें. तेथील कृषिविभाग कार्व्हर ह्यांनीं हातीं घ्यावा अशी त्यांची इच्छा होती. कार्व्हर १८९६ च्या शरदऋतूंत तेथें गेले, ते मरेपर्यंत तेथेंच राहिले.

टस्कीगीस आल्यावर पाहतात तों प्रयोगशाळा अशी नव्हतीच. तेव्हां विद्यार्थ्यांस बरोबर घेऊन ते उकिरड्यांवर हिंडले. फुटक्या बाटल्या, जुने डबे, मोडकीं भांडीं, तारांचे तुकडे, जें मिळेल तें त्यांनीं गोळा केलें आणि त्यांतून प्रयोगांचें साहित्य उभें केलें. विद्यार्थ्यांचा हा पहिला धडा झाला. आणि पुढील सुमारें सेहेचाळीस वर्षें कार्व्हर ह्यांनीं जें शिकविलें, त्याचें बीजही ह्यांतच होतें.

सभोंवारची जमीन वर्षानुवर्षें केवळ कापूस घेऊन घेऊन निःसत्त्व झाली होती. मुक्त झालेले गुलाम आतां खंडानें किंवा वाट्यानें शेती करीत. पण कर्जांत पुरते बुडालेले असत. त्यांना विकतचें खत घेणें शक्य नाहीं, हें जाणून कार्व्हर ह्यांनीं दलदलीचा गाळ व रानांतील पाला कुजवून खत करण्याची रीति दाखविली. चवळी, भुईमूग ह्यांसारख्या शेंगांच्या पिकांच्या मुळांवर गांठी असतात. त्या गांठींतील सूक्ष्म जंतु हवेंतील नत्र वायु बांधून ठेवतात व जमिनीचा कस वाढवितात. म्हणून कापसाच्या पाळीला हीं पिकें घ्यावीं, असा त्यांचा उपदेश असे. १९०६ सालीं त्यांनीं घोड्यांच्या गाडीवर अवजारें व बियाणें घालून एक फिरती शाळाच सुरू केली. जो शेतकरी शाळेंत येऊं शकत नाहीं, त्याच्या अंगणांत ही शाळा जाई.

१९१० च्या सुमारास कापसाचें बोंड पोखरणारा सोंड्या भुंगा अलाबामांत पोहोंचला आणि कापसाचीं पिकें नष्ट होऊं लागलीं. तेव्हां लोकांस कार्व्हर ह्यांचें म्हणणें पटूं लागलें व भुईमूग आणि रताळीं ह्यांचा पेरा वाढला. परंतु पिकाला बाजार नसेल तर भरलेलें कोठारही शेतकऱ्यास उपाशी ठेवतें. म्हणून त्यांनीं आपल्या लहानशा प्रयोगशाळेंत ह्या पिकांचें पृथक्करण आरंभिलें.

ह्या ठिकाणीं थोडेसें रसायनशास्त्र समजून घेतलें पाहिजे. झाड सूर्यप्रकाशाच्या साहाय्यानें हवेंतील कर्बवायु व मुळांतून आलेलें पाणी ह्यांपासून साखर तयार करतें. तिच्यापासूनच पुढें पीठासारखा स्टार्च, धागे व लांकूड ज्याचें बनतें तो सेल्युलोज, तो घट्ट जोडून धरणारा लिग्निन, तसेंच तेलें व डिंक बनतात. जमिनींतील नत्राचीं द्रव्यें मिळालीं म्हणजे प्रथिनेंही होतात. ह्या प्रत्येक घटकाचा गुण वेगळा. स्टार्चाची खळ होते, तेलाचा साबण व रंग होतो, धाग्यांचा कागद होतो, तर प्रथिनांपासून सरस होतो. कार्व्हर ह्यांनीं भुईमुगाचा एकेक घटक असा वेगळा काढला. त्यांनीं केलेल्या वस्तूंच्या याद्यांत दूध, पीठ व इतर खाद्यपदार्थ तर आहेतच. पण त्यांशिवाय साबण, शाई, लांकडास द्यावयाचे रंग, टरफलांपासून केलेले भिंतीचे तक्ते, वेलींपासून कागद, असे कित्येक पदार्थ आढळतात. रताळ्यांपासून त्यांनीं स्टार्च, डिंक व रंग काढले. लांकडाच्या भुशापासून संगमरवरासारखा कठीण पदार्थ बनविला. अलाबामाच्या मातींतून गरिबांच्या झोंपड्यांस देण्याजोगे स्वस्त रंग त्यांनीं तयार केले.

पहिल्या महायुद्धाच्या काळांत ह्या उद्योगाचें महत्त्व सर्वांस पटलें. तोंपर्यंत कापड रंगविण्याचे बहुतेक कृत्रिम रंग जर्मनीहून येत आणि ते दगडी कोळशाच्या डांबरापासून केलेले असत. युद्धामुळें ते बंद पडतांच कार्व्हर ह्यांनीं रानांतील झाडांचीं पानें, मुळें व फळें ह्यांपासून रंग काढण्याचे प्रयोग केले. गव्हाची टंचाई पडली असतां रताळ्याचें पीठ वापरून ती कशी भागवावी, हेंही त्यांनीं दाखविलें. १९२१ सालीं परदेशी भुईमुगावर जकात बसवावी कीं नाहीं, ह्याचा विचार करणाऱ्या अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढें ते साक्षीस उभे राहिले. प्रथम त्यांना दहा मिनिटें मिळालीं होतीं. पण त्यांच्या पेटींतून एकामागून एक वस्तु बाहेर येऊं लागल्या, तेव्हां सभासदांनीं वेळ पुन्हां पुन्हां वाढवून दिला. वर्णभेदाच्या त्या काळांत सबंध सभागृहानें टाळ्या वाजवून त्यांना निरोप दिला, ही गोष्ट सामान्य नव्हे.

पुढें १९३५ सालीं शेतीच्या मालापासून कारखान्यांचा माल तयार करण्याच्या विचारानें डिअरबॉर्न येथें शास्त्रज्ञ, कारखानदार व शेतकरी ह्यांची परिषद भरली. ह्या चळवळीस केमर्जी असें नांव पडलें. मोटारींचे कारखानदार हेन्री फोर्ड हे तिचे मोठे पुरस्कर्ते होते. १९३७ सालीं कार्व्हर तेथें गेले आणि फोर्ड व ते ह्यांचा जो स्नेह जडला तो अखेरपर्यंत टिकला. फोर्ड ह्यांच्या कारखान्यांत सोयाबीनच्या तेलाचा रंगांत व सोयाबीनच्या चोथ्याचा मोटारीच्या लहान लहान भागांत उपयोग होत असे. ऑगस्ट १९४१ मध्यें तर वनस्पतिजन्य प्लॅस्टिकचे पत्रे लावलेली एक मोटारगाडी लोकांस दाखविण्यांत आली. ही गाडी कार्व्हर ह्यांनीं बनविली, असा पुष्कळांचा समज आहे. पण ती फोर्ड ह्यांचे रसायनज्ञ रॉबर्ट बॉयर व त्यांचे सहकारी ह्यांची कृति होय. दुसऱ्या महायुद्धांत आशियांतून येणारें रबर बंद झालें, तेव्हां १९४२ सालीं वृद्ध कार्व्हर डिअरबॉर्नला जाऊन गोल्डनरॉड ह्या पिवळ्या फुलांच्या रानवनस्पतीपासून रबर काढण्याच्या प्रयोगांत सहभागी झाले.

थोर पुरुषाच्या चरित्रांत गुण तेवढे सांगून इतर गोष्टी झांकून ठेवणें हा त्याचा खरा सन्मान नव्हे. कार्व्हर ह्यांनीं भुईमुगाच्या तीनशें वस्तु शोधून काढल्या, असें सांगण्याची चाल आहे. त्यांतील अनेक कृति पूर्वींपासून लोकांस माहीत होत्या; शेंगदाण्याचें लोणीही त्यांनीं शोधलेलें नाहीं. त्यांच्या नांवानें अवघीं तीन पेटंटें नोंदलीं गेलीं, आणि त्यांतील एकाही वस्तूचा मोठा व्यापार झाला नाहीं. ह्याचें एक कारण असें, कीं पुष्कळ कृतींचीं प्रमाणें त्यांनीं नीट लिहूनच ठेवलीं नाहींत. दुसरें कारण अधिक व्यापक आहे. युद्धानंतर खनिज तेल फार स्वस्त झालें. त्यापासून रबर, रंग, धागे व प्लॅस्टिक इतक्या अल्प खर्चांत होऊं लागलीं, कीं शेतांतून आलेल्या वस्तूंस कोणी विचारीना आणि केमर्जीची चळवळ हळूहळू मावळली.

मग त्यांचें कार्य व्यर्थ गेलें काय? मुळींच नाहीं. वस्तूंची संख्या हें त्यांच्या कार्याचें माप नव्हे. गरीब शेतकऱ्याच्या अंगणांत जें पडलें आहे, त्याचा उपयोग काय, हा प्रश्न त्यांनीं शास्त्राला विचारला, आणि त्याचें उत्तर त्या शेतकऱ्याला समजेल अशा सोप्या भाषेंत पत्रकांच्या रूपानें दिलें. अशीं चव्वेचाळीस पत्रकें त्यांनीं लिहिलीं. ह्या प्रश्नाकडे जगास पुन्हां वळावें लागलें आहे. खनिज तेलही मूळचें जीवसृष्टीचेंच देणें. समुद्रांतील सूक्ष्म जीव गाळाखालीं दबून तें झालें. परंतु तें तयार होण्यास कोट्यवधि वर्षें लागलीं, आणि भुईमुगाचें पीक चार महिन्यांत हातीं येतें. शिवाय तेल जाळल्यानें युगानुयुगें पुरलेला कर्ब हवेंत मिसळतो व पृथ्वीची उष्णता वाढते. म्हणून आज मक्याच्या किंवा उंसाच्या साखरेपासून दुग्धाम्ल करून त्याचें प्लॅस्टिक बनविण्यांत येतें. ब्राझिल देशांत २०१० पासून उंसाच्या मद्यार्कापासून पॉलिएथिलीन मोठ्या प्रमाणावर तयार होऊं लागलें. महाराष्ट्रांतील साखर-कारखान्यांत चिपाड जाळून वाफ व वीज निर्माण करतात. त्याच चिपाडापासून कागद व ताटल्याही होतात.

तथापि येथेंही विवेक हवा. वनस्पतीपासून झालेली प्रत्येक वस्तु मातींत कुजतेच असें नाहीं. उंसापासून केलेलें पॉलिएथिलीन तेलापासून केलेल्या पॉलिएथिलीनइतकेंच चिवट असतें. तसेंच, ज्या जमिनींत धान्य पिकावयाचें, ती कारखान्यांच्या मालासाठीं अडवून ठेवली, तर गरिबाच्या तोंडचा घांस जाईल. कार्व्हर ह्यांची दृष्टि म्हणूनच मोलाची. त्यांच्या क्रमांत आधीं मनुष्याचें पोट, मग जमिनीचा कस, आणि त्यानंतर उरल्यासुरल्याचा उद्योग.

त्यांची राहणी अत्यंत साधी होती. जुना कोट आणि त्याला लावलेलें एक ताजें फूल, हा त्यांचा वेष. पहाटे उठून ते एकटेच रानांत जात. सृष्टि हा ईश्वराचा ग्रंथ आहे आणि तो रोज वाचला पाहिजे, अशी त्यांची श्रद्धा होती. रविवारीं सायंकाळीं ते विद्यार्थ्यांस बायबल शिकवीत. हा वर्ग अनेक वर्षें चालला. आपल्या देशाशींही त्यांचा संबंध आला. दीनबंधु सी. एफ्. अँड्र्यूज १९२९ सालीं टस्कीगीस गेले होते, आणि महात्मा गांधींना कार्व्हर ह्यांनीं आहारासंबंधीं माहिती पाठविली होती. त्यांनीं लग्न केलें नाहीं. काटकसरीनें सांठविलेले सुमारें साठ हजार डॉलर त्यांनीं टस्कीगी येथील संशोधनासाठीं देऊन टाकले. ५ जानेवारी १९४३ रोजीं त्यांचें देहावसान झालें. बुकर वॉशिंग्टन ह्यांच्या शेजारींच त्यांचें दफन झालें. त्याच वर्षीं त्यांचें जन्मस्थान अमेरिकन सरकारनें राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केलें. ज्या भूमीवर तें बालक गुलाम म्हणून जन्मलें, त्याच भूमीनें त्याचा असा गौरव केला.

विद्यार्थिमित्रहो, ह्या चरित्रापासून घेण्याजोगें पुष्कळ आहे. पण दोन गोष्टी विशेष ध्यानांत ठेवा. साधनें नाहींत म्हणून काम अडतें, अशी तक्रार करण्यापूर्वीं टस्कीगीच्या त्या उकिरड्यावर वेंचलेल्या बाटल्या आठवा. आणि प्रयोग कराल तेव्हां तो वहींत नीट टिपून ठेवा, म्हणजे तुमच्या श्रमांचें फळ तुमच्यामागून येणाऱ्यांसही लाभेल. आईबापांसही एक विनंति आहे. मूल अंगणांतील पाला, माती, टरफलें घेऊन खेळत बसलें, तर लगेच रागावूं नका. तें काय पाहत आहे, हें त्याला एकदां विचारून पाहा.